पंडिताचा प्रबंध आणि म्हातारीचा अंगठा

खूप खूप वर्षं झाली त्याला. एका डोंगराळ राज्यात वाद मिटवायची एक वेगळीच रीत होती. ज्याला राजाकडून नवा नियम करून हवा असेल, त्याने पुराव्यांसह प्रबंध लिहायचा. त्यात विरुद्ध बाजूचं म्हणणंही मांडायचं आणि 'माझं म्हणणं बरोबर लिहिलंय' म्हणून त्या माणसाचा अंगठा घ्यायचा. अंगठा नसेल, तर प्रबंध दरबारात वाचलाच जात नसे.

त्या राज्यात एक तरुण पंडित होता. हुशार होता, पण हुशारी जरा उतू चालली होती. टेकडीवरचा गावाचा झरा दरवर्षी लवकर आटू लागला, तेव्हा त्याने बेचाळीस पोथ्या चाळल्या आणि प्रबंध लिहिला. 'शेळ्या रोपं खातात, म्हणून झाडं वाढत नाहीत आणि पाणी आटतं. टेकडीवर शेळ्यांना कायमची बंदी घालावी.' स्वतःचंच लेखन वाचून तो स्वतःच मान डोलवत बसला.

टेकडीवर एकच कळप होता, एका म्हातारीचा. तिचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तीस शेळ्या हाच तिचा संसार. बंदी आली की शेळ्या विकाव्या लागणार, आणि शेळ्या गेल्यावर ती बिचारी सकाळी कुणासाठी उठणार?

अंगठा घ्यायला पंडित धापा टाकत टेकडी चढला. जन्मात पहिल्यांदाच, बरं का! त्याने सगळा प्रबंध वाचून दाखवला. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं.

"लई ग्वाड लिवलंस. पर ह्यात मी कुठं हाय?"

"तिसऱ्या पानावर, आजी. 'काही अडाणी लोक हट्टाने म्हणतात, की शेळ्यांमुळे काहीच बिघडत नाही.'"

"मी आसं कवा म्हणले? शेळी रोप खाती. रोज बघती की मी."

पंडित गडबडला. विरोधकच कबूल करतोय म्हटल्यावर खंडन तरी कशाचं करायचं?

"मग तुमचं म्हणणं काय आहे?"

"आता इचारलंस व्हय! बस. आधी भाकर खा, तोंड सुकलंय तुझं."

जेवण झाल्यावर तिने त्याला टेकडीच्या मागच्या उतारावर नेलं. "पाच वर्सांमागं माझी ठुमकी शेळी हितं पाय मोडून पडली. त्या भ्यानं मी कळप पुन्हा हिकडं आणलाच न्हाई."

त्या उतारावर पुरुषभर उंचीची झाडं उभी होती. खालची माती ओलसर होती. पंडिताने वाकून ती माती मुठीत घेतली. बेचाळीस पोथ्यांपैकी एकीतही ही टेकडी नव्हती. त्याला मनापासून लाज वाटली.

आठ दिवस तो तिथेच राहिला. झाडं मोजली, माती पाहिली आणि प्रबंध नव्याने लिहिला. टेकडीचे तीन भाग करावेत, एक भाग आळीपाळीने पाच पावसाळे मोकळा ठेवावा आणि झऱ्याभोवती कळप कधीच नेऊ नये. म्हातारीचं म्हणणं त्याने तिच्याच शब्दांत लिहिलं. ते तिने त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि तिचे डोळे भरून आले.

"माझं बोलणं आजवर कुणी लिवून घ्येतलं नव्हतं रं लेकरा," ती म्हणाली आणि तिने अंगठा उठवला.

पंडित म्हातारीला घेऊन दरबारात गेला. नवा प्रबंध ऐकून राजा हसला. "बंदी मागायला निघालास आणि हे घेऊन आलास? तू तर हरलास की!"

"महाराज, आधी मला फक्त जिंकायचं होतं," पंडित म्हणाला. "त्या नादात मी झऱ्यालाच विसरलो होतो."

राजा म्हातारीकडे वळला. "झऱ्याजवळचं कोवळं गवत आता तुला मिळणार नाही. नियम पाळशील?"

"पाळीन की, म्हाराज. पाणी माझ्या शेळ्यांनाबी लागतंच. पर इतक्या वर्सांत मला कुणी इचारलंच न्हाई."

राजाने मान खाली घातली आणि नियमावर मोहोर उठवली.

टेकडीवर पहारा ठेवावा लागला नाही, कारण नियम म्हातारीचाही होता. काही वर्षांनी झरा भर वैशाखातही वाहू लागला. शेळ्याही राहिल्या, त्यांची म्हातारीही राहिली. पंडित मात्र त्यानंतर कुठलाही प्रबंध लिहायला घेतला, की कोरा कागद घेऊन आधी विरुद्ध बाजूच्या घरी जाऊन बसू लागला.

तात्पर्य : दुसऱ्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय आपलं म्हणणं खरं ठरत नाही.