मोरीचं लोढणं

जनावरं माणसांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. याकोबनाना गुराख्याच्या कळपात मोरी नावाची एक नाठाळ गाय होती. शेत दिसलं की शिरलीच आत!

गळ्यातली घंटा वाजवत कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी कपिली एकदा चिडून म्हणाली, "नाना, हिच्या गळ्यात लोढणं बांधाच."

"बांधतो," नाना म्हणाले, "पण मग तुम्ही सगळ्यांनी तिच्या चालीनं चालायचं."

त्यांनी मोरीच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधला. दुसऱ्या दिवशी नाना गोठा शाकारायला थांबले आणि कळप एकटाच रानात गेला. ओंडका मोरीच्या पायांत येत होता. बाकीच्या गाई मात्र आपल्याच चालीनं घरी परतल्या.

"मोरी कुठाय?" नानांनी विचारलं.

"शिरली असेल कुणाच्या ज्वारीत," कपिली म्हणाली.

नाना तसेच रानात गेले. मोरीचं लोढणं करवंदीच्या जाळीत अडकलं होतं आणि तिचं तोंड घराकडे होतं.

"नाना, मी शेतात नव्हते गेले," ती रडत म्हणाली. "घरीच येत होते. हाका मारल्या, पण कुणी थांबलंच नाही."

नानांनी ओंडका जाळीतून सोडवला, आपल्या खांद्यावर घेतला आणि तिला खेटून चालत घरी आणलं. त्यांचा खांदा सोलला होता. कपिली तो बघत राहिली.

सकाळी ती पुढं गेलीच नाही. मोरीशेजारी येऊन म्हणाली, "चल बाई, तुझ्या चालीनं."

त्या दिवशी कळपाची घंटा पहिल्यांदाच मागून वाजत होती, आणि सगळा कळप हळू चालत होता.