तात्या मगदूमांची दुसरी बॅटरी

तात्या मगदूमांनी कुपवाडच्या शेडमध्ये स्वतःचं छोटं विमान बांधलं. वायरिंग हसीना मुजावरकडे होतं. इंजिनाची ठिणगी बॅटरीवरच चालायची, म्हणून हसीनानं दोन बॅटऱ्या बसवल्या आणि त्यांच्या वायरी वेगवेगळ्या वाटांनी इंजिनापर्यंत नेल्या.

तात्या पाहुण्यांना विमान दाखवायला आले आणि भडकलेच.

"चाळीस वर्षं जीप चालवतोय मी! एका बॅटरीवर पळते. हे दुसरं लोढणं आजच काढ, नाहीतर मी दुसरा वायरमन बघतो."

हसीनानं हातातली पक्कड खाली ठेवली. "काढते, तात्या. पण जीपची बॅटरी वाटेत कधी बसली नाही?"

"बसली की! आंबा घाटात दोनदा बसली. चार माणसं उतरली, धक्का मारला, झाली सुरू."

"म्हणजे जीपलाही दुसरी बॅटरी होतीच. ती चार माणसं! आता विमानातून त्यांना कुठं उतरवायचं तेवढं सांगा, लगेच काढते."

पाहुण्यांत खसखस पिकली. तात्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि इंजिनाशेजारी बसले.

"राहू दे ती. कुठली वायर कुठून गेलीय, ते मला नीट दाखव. उडायचंय मला."