प्रोसेसरची घाई

संगणकाच्या डब्यातली मंडळी आपापसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या मीराताई देवस्थळी एकदा म्हणाल्या, "हा वेग पुरत नाही. नवा प्रोसेसर आणावा लागणार." ते ऐकून जुना प्रोसेसर हादरला. मीराताईंनी सेटिंगमध्ये त्याचा वेग एक पायरी वाढवला, तर हा एकदम सहा पायऱ्या चढायला निघाला.

त्याच्या डोक्यावर बसलेले पंखेकाका म्हणाले, "एकेक पायरी चढ रे. प्रत्येक पायरीवर तासभर काम कर, किती तापतोस ते बघ. माझा वारा पुरला, तर पुढची."

"काका, तुमच्या चालीनं गेलो तर भंगारातच पोचेन. तुम्ही आपले फिरा!"

काका जीव तोडून फिरले, पण चार मिनिटांत स्क्रीन काळी झाली.

मीराताईंनी डबा उघडला. वेग पुन्हा मूळचा व्हावा म्हणून मदरबोर्डवरचा छोटा सेल काढला, थोड्या वेळाने परत बसवला आणि बटण दाबलं. दिवा लागला.

"आहेस ना रे?" काकांनी विचारलं.

"आहे. जळायच्या आत आपोआप बंद पडलो."

"मेल्या, किती घाबरवलंस!"

दुपारी वेग एक पायरी वाढला, तासाभराने आणखी एक. तिसरीवर काकांना धाप लागली, तसा प्रोसेसर स्वतःच मागे आला. तरी नकाशा भराभर उमटत होता.

"पुरे एवढं. नवा नको," मीराताई म्हणाल्या.

काका प्रोसेसरच्या डोक्यावरून हात फिरवावा, तसा वारा घालत राहिले.