बाबलशेठची भूक

एकदा एक कापडाचा व्यापारी डोंगरपायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्ध वैद्यांकडे आला. बाबलशेठ त्याचे नाव. माणूस उदार, हसतमुख; पण चार पायऱ्या चढला की धाप लागे आणि प्रत्येक जेवणानंतर छातीत जळजळ होई. दर वर्षी तो कुठे ना कुठे शरीरशुद्धी करून घेई. जुलाबाने पोट हलके होई आणि त्या आनंदात घरी जिलबीची पंगत झडे! थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

"वैद्यबुवा, या खेपेला काहीतरी जालीम द्या," तो म्हणाला. "सगळं धुऊन निघालं पाहिजे."

वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. आपला शिष्य श्रीरंग याला त्यांनी काढा उकळायला सांगितला. मग शेठकडे वळून ते म्हणाले, "इथेच मुक्काम करा. मात्र काढा मिळेल तो खरी भूक लागल्यावरच."

"भूक? ती तर मला दिवसभर असते!" बाबलशेठ हसला.

घटकाभरातच त्याची हाक आली. "श्रीरंगा, भूक लागली रे!"

वैद्यांनी विचारले, "नाचणीची भाकरी चालेल?"

"भाकरी? छे! थोडा शिरा, नाहीतर गरम भजी असती तर..."

"मग ही भूक नव्हे," असे म्हणून वैद्य शांतपणे आपल्या कामाला लागले.

संध्याकाळीही तसेच झाले. श्रीरंगाला राहवेना. "गुरुजी, रोगी औषध मागतो आहे आणि आपण त्याला ताटकळत ठेवता. हा कसला उपचार?" वैद्यांनी शेठसाठी कोमट पाण्याचा तांब्या त्याच्या हाती दिला.

सकाळी कोमट पाणी पिऊन कंटाळलेला बाबलशेठ परसात गेला. श्रीरंग भाजीला पाणी घालत होता. शेठनेही कळशी उचलली, मग वाफ्यातले गवत उपटायला बसला. ऊन चढले. एकाएकी तो थांबला आणि पोटावर हात ठेवून लहान मुलासारखा म्हणाला, "श्रीरंगा, कालची शिळी भाकरी असली तरी दे."

भाकरी, मुळ्याच्या पाल्याची भाजी आणि मुगाची उसळ समोर आली. तो सावकाश चावून जेवला. "भाकरीत गूळ घातलाय का हो?" त्याने विचारले.

"नाही," वैद्य म्हणाले. "गोडी तुमच्या भुकेची आहे. शेठ, शरीर स्वतःची शुद्धी रोजच करत असतं. तुम्ही त्याला उसंतच दिली नाहीत; पहिलं पचण्याआधी दुसरं पोटात. जिभेच्या मागणीला तुम्ही भूक समजलात. जीभ पदार्थ निवडते, भूक अन्न स्वीकारते. धान्य, कडधान्य, भाजी असं साधं खा, भूक ओळखून खा. मग काढ्याची गरज उरणार नाही."

"आणि जिलबी?" शेठने काळजीने विचारले.

"खा की सणावारी! पण भूक लागल्यावर."

श्रीरंग खळखळून हसला. गुरुजींनी शेठला का ताटकळत ठेवले, हे त्याला आता उमगले होते.

काही दिवस तिथे राहून बाबलशेठ घरी परतला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानातून पायीच घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "अगं, भूक लागलीय. जे शिजलं असेल ते वाढ."

शेठाणी चकित होऊन पाहतच राहिली. इतकी वर्षे तो दिवसभर काहीबाही चरून ताटावर बसे, मिठावरून कुरकुरे आणि अर्धे तसेच टाकून उठे. हे शब्द मात्र तिने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

"बसा, गरम भाकरी टाकते," ती म्हणाली. भाकरी थापताना तिला हसू आवरेना.