करवंदीवर थांबलेला शब्द

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या डोंगरांत तेव्हा रस्ते नव्हते. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला माणसाला दिवस लागे, पण आवाज मात्र न्याहारी व्हायच्या आत पोचे.

तो असा. प्रत्येक टेकडीवर कुणीतरी बसलेलं असे. त्याला हाळकरी म्हणत. मागच्या टेकडीवरून हाळी आली की ती ऐकायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि पुढच्या टेकडीकडे सोडून द्यायची. कुठे वाघ दिसला, कुठे वणवा लागला, कुठे सुईण हवी आहे, कुणाची गाय चुकली, सगळं या साखळीतून जाई. राजाने कुणाला नेमलं नव्हतं आणि कुणाला पगारही नव्हता. ज्याला वाटे तो रिकामी टेकडी धरी, शेळ्या राखता राखता, दोर वळता वळता हाळ्या देई. कुणाचा तरी जीव आपल्या आवाजावर वाचतो, एवढीच त्यांची कमाई.

साखळीत कुणाला नाव नव्हतं. ज्याची जी टेकडी, तेच त्याचं नाव. चेहरे वर्षातून एकदा दिसत, मेळ्यात. बाकी वर्षभर नुसते आवाज.

आणि नियम एकच होता. जसं ऐकलं तसं पुढे द्यायचं. शब्द गाळायचा नाही, शब्द घालायचा नाही. जो हाळी अडवील, त्याची टेकडी जाईल.

करवंदाच्या जाळ्यांनी भरलेल्या एका टेकडीवर एक मुलगी बसे. अर्थात तिचं नाव करवंदी. ती टेकडीवर आली ती एका आवाजामुळे. डोंगररांगेच्या टोकाला आभाळात घुसलेला एक सुळका होता आणि त्यावर बसणारा हाळकरी साऱ्या साखळीत मोठा होता. त्याला सगळ्यांच्या आधी धूर दिसे, सगळ्यांच्या आधी ढग दिसे. वारा पडलेला असला की त्याची हाळी मधल्या टेकड्या ओलांडून थेट करवंदीपर्यंत येई. लहानपणी ती गोधडीत पडल्या पडल्या तो आवाज ऐके आणि तिच्या अंगावर काटा येई. माणसाच्या छातीत एवढं आभाळ मावतं?

पण त्या आवाजाला एक खोड होती. जीभ तिखट होती.

कुणी हाळी देताना अडखळलं, की सुळका म्हणे, "कोंबडं कापताना बरं ओरडतं!" कुणाचा आवाज चिरकला, की म्हणे, "दाराच्या बिजागरीला तेल घाला रे!" आणि नियम म्हणजे नियम, त्यामुळे ते जसंच्या तसं टेकडीटेकडीने पुढे जाई. लोक हसत. ज्याच्यावर बोललेलं असे तोही हसल्यासारखं करी. मग एके दिवशी त्याची टेकडी रिकामी दिसे.

"पोरांत दम राहिला नाही," म्हातारे म्हणत.

साखळीच्या शेवटी एक उंबराची टेकडी होती. तिच्याखाली बांबूचं बन आणि बनात बुरुडांची वस्ती. वस्तीला बाहेरचं जग ऐकू येई ते केवळ या टेकडीवरून. बरेच दिवस ओस पडलेली ही टेकडी एका बाईने धरली. डोंगरापलीकडून लग्न होऊन आलेली, कडेवर तान्हं मूल. तिची बोली वेगळी, हेल लांब. पहिल्याच आठवड्यात सुळक्याची हाळी आली, "उंबरावर घुबड बसवलंय का रे? तिला आधी बोलायला शिकवा, मग हाळी द्यायला!"

ती सुळक्यावरून पठारावर आली, पठारावरून टेकड्या उतरत कातळावर आली, कातळावरून करवंदीवर. करवंदीने छाती भरून घेतली आणि उंबराच्या दिशेने स्वच्छ, खणखणीत आवाजात ती सोडून दिली. एक शब्द गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी उंबरावरून उत्तर आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. करवंदी टेकडी उतरून वस्तीत गेली. बाई बांबूच्या पट्ट्या सोलत होती.

"ताई, ते बोलणं सुळक्याचं होतं. माझं नव्हतं."

बाईने मान वर केली नाही. "सुळका मला ऐकू येत नाही गं, लांब आहे तो. मला तुझाच आवाज ऐकू आला."

 परतीची चढण करवंदीला नेहमीपेक्षा उभी वाटली.

त्या वर्षीच्या मेळ्यात ती सगळ्यांसमोर उभी राहिली. मेळा पठारावर भरे, आणि पठाराचा हाळकरी साखळीत सर्वांत म्हातारा. त्याला सगळे आजा म्हणत.

"आजा, आपल्याला आणखी एक नियम हवा," ती म्हणाली. "कसं बोलायचं, याचा."

"नियमावाचून आजवर अडलं का पोरी?"

"अडलंय की. रिकाम्या टेकड्या बघा."

"दम नाही आताच्यांत."

"दम होता, आजा. कातडी तुमच्याएवढी जाड नव्हती."

तरुण खो खो हसले. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "वाऱ्याला कधी कुणी वेसण घातलीय का?" दुसरा म्हणाला, "समुद्राला सांगून लाटा थांबतात का?" एखादी गोष्ट करायची नसली की मोठी माणसं किती सुंदर वाक्यं शोधून काढतात!

सुळका मागे पाय पसरून बसला होता. उंचापुरा, हसरा माणूस. "अगं करवंदी, थट्टा केली मी," तो म्हणाला. "थट्टेनं माणूस मरतो का?"

"मरत नाही, दादा. टेकडी उतरून जातो. मग वणव्यात वस्ती मरते."

त्यावर कुणी हसलं नाही. बरीच चर्चा झाली, रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी नियम ठरला. माणसाला कमी लेखणारा शब्द हाळीत घालायचा नाही.

मग सगळे पठाराच्या कड्यावर उभे राहिले आणि त्यांनी तो नियम एका आवाजात खोऱ्यात सोडला. त्यात सुळक्याचा आवाज सर्वांत वर होता. समोरच्या डोंगरांनी तो झेलला, मागच्यांना दिला, त्यांनी आणखी मागच्यांना. घारी घिरट्या घालायच्या थांबल्या. खाली नदीवरच्या बायकांनी धुणं हातात धरून वर पाहिलं. करवंदीचे डोळे भरून आले. डोंगरच शपथ घेत आहेत, असं तिला वाटलं.

प्रतिध्वनी विरल्यावर तिने हळूच विचारलं, "आणि कुणी मोडला तर?"

"शुभ बोल गं!" आजा म्हणाला आणि सगळे जेवायला बसले.

करवंदी उंबराच्या बाईकडे गेली. "नियम झालाय, ताई. परत या."

"नियम नवा झाला. माणसं तीच ना?"

"मी आहे," करवंदी म्हणाली.

बाईने हातातली पट्टी खाली ठेवली. मग मुलाला पाठीशी बांधलं आणि टेकडी चढायला लागली.

थोडेच दिवस गेले. एका सकाळी कातळावरून हाळी आली. कातळावर एक पोक्त हाळकरी बसे, सगळ्यांचा काका. त्याच्या भल्या आवाजात सुळक्याचे शब्द आले, "उंबराची हाळी ऐकलीत का रे? उगाच गाढवांना वाटेल, आपलंच कुणी बोलावतंय!"

करवंदीने सवयीने छाती भरली. समोर उंबराखाली बाई कान देऊन उभी असलेली तिला दिसली, पाठीशी मूल. तिने भरलेला श्वास तसाच सोडून दिला.

थोड्या वेळाने कातळाने विचारलं, "करवंदी! गेली का पुढं?"

"नाही गेली."

"ऐकू नाही आली? परत देऊ?"

"ऐकू आली, काका. थांबवली."

"अगं, टेकडी जाईल तुझी!"

"जाऊ दे. पण तुम्ही ती इथवर का आणलीत?"

"मी कुठं काय? आली, दिली."

"मीही तेच म्हणत होते, काका. कुणाला तरी माझाच आवाज ऐकू आला."

 मग वरून तीच हाळी पुन्हा आली असावी, कारण काका कान देऊन उभा राहिलेला दिसला. तो उभाच राहिला. त्याने तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या वेळी हाळी कातळापर्यंतही पोचली नाही. चौथ्या वेळी त्याच्या मागच्या टेकडीपर्यंतही नाही. करवंदी श्वास रोखून ऐकत होती. आजवर तिने डोंगर उतरणारे आवाज ऐकले होते. आज शांतता डोंगर चढत होती. एकेक टेकडी ओलांडत, कुणालाही न ढकलता, ती वर वर जात होती, आणि त्या शांततेत तिला पहिल्यांदाच ऐकू आलं की मधल्या प्रत्येक टेकडीवर एकेक माणूस आहे.

फक्त पठार थांबलं नाही. आजा प्रत्येक वेळी सुळक्याची हाळी जशीच्या तशी देत राहिला. दुपारी त्याची स्वतःचीही हाळी आली, आणि ती सर्वांनी पुढे दिली, "करवंदीनं जुना नियम मोडला. पुनवेला मेळा भरेल. तिची टेकडी काढून घ्यायची की नाही, ते तिथं ठरेल."

पुनवेच्या आधीच वणवा लागला.

उन्हाळ्याचे दिवस, गवत वाळून कागद झालेलं. करवंदीला धूर दिसत नव्हता, फक्त हवेत करपट वास होता. तेवढ्यात कातळावरून काकाची हाळी आली.

"वणवा! सुळक्याखालच्या गवताला वणवा! वारा बांबूच्या बनाकडं! यापुढचे शब्द नियमानं गाळले आहेत!"

 म्हणजे सुळक्याने वणव्याच्या खबरीलाही शिवी बांधून पाठवली होती. 'आता कशी गाळाल, बघू!' असा त्याचा डाव. आणि कुणीतरी गाळली होती. लपवून नव्हे, उघड सांगून. खबर मात्र अख्खी होती, दिशेसकट, वाऱ्यासकट.

तिने छाती भरली आणि ती तशीच्या तशी उंबराला दिली. बाईने हात वर केला, बनाकडे वळली आणि तिच्या लांब हेलात हाळी सोडली. वस्ती हलली. माणसं, म्हातारेकोतारे, कोंबड्यांची डालगी, बकऱ्या, सगळं नदीपार गेलं. वणवा दरीतल्या गवतातून सरकत आला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बन जळून काळं झालं. बांबू फुटायचे आवाज टेकड्यांवर ऐकू येत होते. पण त्या आगीत एकही जीव गेला नाही.

पुनवेला मेळा भरला. बुरुडांची वस्तीही आली. करवंदी पुढे झाली. "हाळी मी अडवली," ती म्हणाली. "टेकडी काढून घ्यायची तर घ्या."

आजा काठीवर भार देत उठला. "मग माझीही काढून घ्या," तो म्हणाला. "वणव्याच्या दिवशी गाळायला सुरुवात मी केली."

करवंदी त्याच्याकडे बघतच राहिली. एवढ्या म्हाताऱ्या माणसात अजून बदलायची जागा शिल्लक असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"जन्मभर जसं आलं तसं दिलं," आजा म्हणाला. "वाटायचं, मी नुसता आवाज. त्या दिवशी धूर डोळ्यांत जात होता, आणि हा बाबा माणसं वाचवायच्या हाळीत त्याच माणसांना शिव्या घालत होता. शब्द ओठांवर आले न् मी गिळले. कडू लागले पोरी."

"इतकी वर्षं ज्यांनी ते ऐकले, त्यांनाही लागत होते, आजा."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. दोघांचीही टेकडी काढून घ्या, असं मेळ्यात कुणीच म्हटलं नाही. मग आजा सुळक्याकडे वळला. "तू उंबरावर जा. तिची माफी माग. तोवर तुझी टेकडी रिकामी राहील."

सुळका हसला. "माझ्यावाचून साखळी चालवणार? चालवा!" त्याने घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो डोंगरापलीकडे निघून गेला. माफी मागायला तो कधीच आला नाही.

दुसऱ्या दिवशी सुळका मुका होता. आता वणवा लागला तर आधी कळणार कसं, असं सारं खोरं म्हणू लागलं. मग 'कोंबडं' म्हणून ज्या कोष्टिणीला त्याने एकदा टेकडीवरून उतरवलं होतं, ती काही न बोलता सुळका चढली. तिची हाळी पठारापर्यंत पोचेना. तेव्हा मधल्या खिंडीत आणखी एक जण जाऊन बसला. एका मोठ्या आवाजाची जागा दोन साध्या आवाजांनी भरून काढली. ते ऐकून ओस टेकड्यांची माणसं एकेक करून परत आली. चिरक्या आवाजाची आली, अडखळणारी आली, वेगळ्या बोलीची आली.

करवंदीला कधी कधी पहाटे तो जुना, आभाळाएवढा आवाज आठवे आणि चुकल्यासारखं होई. पण मग कातळावरून हाळी येई. तिच्यात किती छात्यांचा श्वास मिसळलेला आहे, हे तिला आता ठाऊक होतं. ती उठून उभी राही, हात जोडी आणि मगच ती हाळी पुढे देई.

तात्पर्य : नियम जपायचा असेल, तर तो मोडणारा शब्द कितीही मोठ्या तोंडातून आला तरी आपल्यापाशी थांबवावा लागतो.