बोरदरी जंक्शनचा गोमाजी हॉटेलवाला

फार वर्षं झाली. बोरदरी जंक्शनला तेव्हा कोळशाची इंजिनं यायची. स्टेशनजवळ, सडकेच्या कडेला गोमाजी ठवरेचं चहाचं हॉटेल होतं. मोठ्या गाडीतून उतरलेली माणसं छोट्या गाडीची वाट बघत त्याच्या ओट्यावर बसायची, बसता बसता आडवी व्हायची, आणि गाडी आली की गोमाजी त्यांना उठवायचा. पुरुषाच्या पायाचा अंगठा हलवायचा. बाईमाणसाला हात कसा लावायचा, म्हणून तिच्या कानाशी ग्लासावर चमचा वाजवायचा आणि म्हणायचा, “माय, गाडी आली.” असं म्हणतात, की त्याच्या ओट्यावर झोपलेल्या एकाही माणसाची गाडी कधी चुकली नाही.

एका दुपारी एक बाई गाठोडं विसरून गाडीत बसली. गोमाजी ते घेऊन धावला, चालत्या गाडीत चढला, आणि पुढे काय झालं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. गाठोडं बाईला मिळालं. ती म्हणाली, देऊन लगेच उतरला. गार्ड म्हणाला, उतरताना कोणी दिसलं नाही. गावाने आठ दिवस रूळ पालथे घातले. ना माणूस मिळाला, ना त्याची चप्पल. त्याच्या बायकोने, अंजिराबाईने, हॉटेलला कुलूप लावलं आणि मागच्या खोलीत ती वाट बघत बसली.

कुलूप लागलं आणि भुतं सुटली. हमाल म्हणाला, बिनमुंडक्याचा गोमाजी आत चहा गाळतो. फाटकवाला म्हणाला, मुंडकं आहे, पण पाय उलटे आहेत. कोणाला तो मांजराच्या रूपात दिसला. अंजिराबाई प्रत्येकाकडे जायची, सदरा कोणता होता, काही बोलला का, म्हणून विचारायची. एकाचं दुसऱ्याशी जुळत नसे. बिनमुंडक्याचा माणूस चहा गाळताना बघतो कशाने, हेही तिला कळेना.

त्यात तिचा दीर संपत मागे लागला. “वहिनी, भूत दिसते म्हंजे दादा गेला. तेरवी करून टाकू. तुमी कुंकू लावून फिरता, लोकं नावं ठेवतेत.”

तिचं डोकं चालेना. कुंकू पुसावं आणि तो उद्या गाडीतून उतरला तर? ठेवावं आणि तो बिचारा तेरवीवाचून भटकत असला तर? सकाळी ती पुसायला पदर उचलायची, मग तसाच सोडायची.

असं म्हणतात, की चैत्रातल्या एका दुपारी एक म्हातारी मागच्या दारी आली. लेकीकडे निघाली होती आणि या गावात पहिल्यांदाच उतरली होती.

“बाई, तुमचा हाटेलवाला लई भला हाय,” ती म्हणाली. “ओट्यावर डोया लागला होता माह्या. गिलास वाजवून उठवलं मले. ‘माय, गाडी आली’ म्हणे. डोये उघडले तं दाराले कुलूप.”

आणि ती लगबगीने गाडीकडे गेली.

अंजिराबाई उंबऱ्यातच बसली. हा गोमाजीच होता, यात शंका नव्हती. तो सापडला म्हणून तिला आनंद झाला, आणि ज्या रूपात सापडला त्याने तिचं काळीज फाटलं. ती हसत होती आणि रडतही होती, आणि आपण नेमकं काय करतोय ते तिचं तिलाच समजत नव्हतं.

बातमी ऐकून संपत आला. “आता तं पटलं ना वहिनी? गेला तो.”

“गेला कुठं, भाऊजी? ओट्यावर माणसं उठवून राह्यला,” ती म्हणाली. “घरी असलेल्या माणसाचं कुंकू मी काहून पुसू?”

संपत तडक भटजींकडे गेला. असं म्हणतात, की भटजींनी पोथी उघडली आणि तशीच मिटली.

अंजिराबाईने ते कुलूप कधी काढलं नाही आणि कुंकूही पुसलं नाही. एकवीस वर्षांनी ती गेली तेव्हा तिला सवाष्ण म्हणायचं की विधवा, यावर गाव दोन तास भांडलं. शेवटी म्हाताऱ्या बायांनी कोणाचं न ऐकता तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि तिचा मळवट भरला.

हॉटेल अजून बंदच आहे. आत कोण आहे, यावर बोरदरीत आजही एकमत नाही. पण दर चैत्रात बाया तो ओटा सारवतात आणि येईल तिला गोमाजीच्या नावाचं कुंकू लावतात. कपाळ पांढरं झालेल्याही येतात, लांबलांबच्या गावांहून येतात. तुझा माणूस आहे की गेला, असं त्या ओट्यावर कोणी कोणाला विचारत नाही.