धाकूने ठेवून घेतलेलं झाकण

फार वर्षांपूर्वी घाटाच्या पायथ्याशी, आंबेखोल गावात, धाकू कातारी राहायचा. शिवणीचं लाकूड दोरीने गरगर फिरवून, त्याला पटाशी लावून तो कुंकवाचे करंडे कातायचा आणि त्यांवर रंगीत लाख चढवायचा. लाकूड पसंत करायचं तर आधी नखाने टकटक वाजवून बघायचा. करंडा आणि झाकण तो एकाच ओंडक्यातून काढायचा. पावसाळ्यात दोन्ही सारखीच फुगायची, म्हणून त्याचं झाकण कधी अडायचं नाही.

त्याची एकुलती एक लेक शेवंती घाटावर दिली. पाठवणीच्या वेळी धाकूने तिला करंडा दिला आणि झाकण मात्र स्वतःकडे ठेवलं. गाव हसलं. "रे धाकू, चेडवाक अर्धोच करंडो?"

"अर्धो हय रवांदे," धाकू म्हणाला. "तिचा बरावायट माका कळतला."

रोज सकाळी तो झाकण पुसायचा. तिसऱ्या वर्षी, भर चैत्रात, विहिरी तळाला गेलेल्या असताना ते झाकण फुगलं आणि लाखेला तडा गेला, असं म्हणतात. आता सुकं लाकूड चैत्रात फुगेल कसं? मला विचारू नका, मी कातारी नव्हे. धाकू तरी कुठे विचार करत बसला! झाकण कमरेला बांधून तो घाट चढला.

शेवंतीची सासू दारातच आडवी आली. "पोरगी शेतावर गेलीया. हितं न्हाई."

धाकूला काय करावं सुचेना, तेव्हा हाताच्या सवयीने त्याने झाकणावर नख मारलं. टक टक. घरामागच्या बंद खोलीतून तोच नाद परत आला! त्या नादाने दाराचं कुलूप आपोआप गळून पडलं, असं म्हणतात. मला वाटतं, धाकूने ते दगडाने फोडलं असणार. तिचा ताप घरभर पसरेल म्हणून शेवंतीला आत कोंडून ठेवलं होतं. ती करंडा छातीशी धरून पडली होती.

"बाबा, तुमका कोणी सांगल्यान?"

"चल गो माझे बाय, घराक." धाकूने लेकीला पाठुंगळी घेतलं आणि घाट उतरला. तिच्या अंगावर पुन्हा मांस चढायला वर्ष गेलं, पण पोर वाचली.

आंबेखोलात आजही मुलीबरोबर सासरी बिनझाकणाचाच करंडा जातो. झाकण माहेरच्या कोनाड्यात राहतं, त्याला धाकूचं झाकण म्हणतात. ते पुन्हा कधी फुगलेलं कोणी पाहिलेलं नाही. पण सुनेचा उघडा करंडा सासरच्यांना रोज दिसतो, आणि तिच्याशी बोलताना त्यांचा आवाज जरा खालीच राहतो.